लॉगबुक ऑफ द वर्ल्ड : कडक शिस्तीची पुष्टीसेवा

हौशी रेडिओमध्ये, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून बोलण्यात, परदेशी केंद्राशी संपर्क झाला म्हणजे काम अर्धेच झाले असे समजतात. समोरच्यानेही तो संपर्क आपल्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) तसाच नोंदवला आहे, याचा पुरावा मिळेपर्यंत पुरस्कारासाठी त्याची किंमत शून्य असते. हा पुरावा पूर्वी केवळ क्यूएसएल कार्डाच्या, म्हणजे संपर्काची खात्री देणाऱ्या छापील पत्राच्या, रूपात येत असे. अमेरिकेतील एआरआरएल या हौशी रेडिओ संघटनेने २००३ साली ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही ऑनलाइन पुष्टीसेवा सुरू केली आणि कार्डाशिवायही तो मिळू लागला. मुंबईतून व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनने (परवान्यावरील ओळखनावाने) बोलणाऱ्यांना ही सेवा कितपत उपयोगी पडते, हे सांगण्यासाठी हे परीक्षण आहे.

या सेवेची खरी ताकद तिच्या जुळवणीच्या पद्धतीत आहे. दोन्ही केंद्रांनी आपापला लॉग स्वतंत्रपणे चढवायचा असतो आणि कॉलसाइन, बँड (लहरींचा पट्टा), मोडचा (संकेत पाठवण्याच्या पद्धतीचा) गट व वेळ जुळली तरच पुष्टी नोंदली जाते. वेळेत ३० मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. समोरच्याने काय लिहिले आहे हे जुळणीपूर्वी दिसत नसल्यामुळे, त्याची नोंद पाहून आपली दुरुस्त करण्याची सोय कोणालाच उरत नाही. शिवाय प्रत्येक लॉग ‘टीक्यूएसएल’ या प्रोग्रॅममधून डिजिटल सही होऊनच पुढे जातो. डीएक्ससीसी या पुरस्कारासाठी किमान १०० देश किंवा प्रदेशांशी झालेल्या संपर्कांची पुष्टी लागते, आणि तिथे या सेवेतील नोंद कागदी कार्डाच्या बरोबरीने धरली जाते. ई-क्यूएसएल ही २००० सालापासूनची सेवा वापरायला कितीतरी सोपी आहे व तिच्यात चित्रासह कार्ड पाठवता येते; तथापि तिची कार्डे डीएक्ससीसीला चालत नाहीत. सीक्यू या हौशी रेडिओ मासिकाने सुरू केलेल्या पुरस्कारांसाठी, परवान्याची खातरजमा करून घेतलेल्या खात्यांची ई-कार्डे मात्र स्वीकारली जात आली आहेत.

नोंदणीची पायरी नवख्याला जाचक वाटेल. अमेरिकेबाहेरच्या अर्जदाराला आपला परवाना आणि ओळखीचा दुसरा अधिकृत कागद यांच्या प्रती पाठवाव्या लागतात. त्या तपासल्यावरच प्रमाणपत्र मिळते. या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असून, ती संपण्यापूर्वी केलेले नूतनीकरण सोपे जाते. प्रमाणपत्राची गुप्त किल्ली आपल्याच संगणकात राहते, म्हणून टीक्यूएसएलची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर ठेवणे हे कंटाळवाणे असले तरी आवश्यक काम आहे. टीक्यूएसएलची रचना जुनाट आहे आणि सूचना कोरड्या आहेत. नोंदणीला व लॉग चढवायला पैसे पडत नाहीत. पुरस्कारासाठी पुष्टी वापरताना मात्र शुल्क भरावे लागते.

मुंबईच्या हॅमने (हौशी रेडिओचालकाने) दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली वेळेची. लॉग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लागतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे पहाटे चार वाजता ४० मीटर बँडवर युरोपशी झालेला संपर्क आदल्या दिवसाच्या तारखेला २२:३० असा नोंदवावा लागतो. संगणकाच्या घड्याळावर विसंबून भारतीय वेळेत लॉग ठेवणाऱ्यांची पुष्टी याच कारणाने अडून राहते. दुसरी गोष्ट ठिकाणाची. १९ अंश उत्तर ही अक्षांशरेषा मुंबईतूनच जात असल्याने फोर्ट, गिरगाव, भायखळा हा भाग एमके६८ या ग्रिड-चौकटीत (अक्षांश-रेखांशांवरून आखलेल्या नकाशाच्या चौकोनात) येतो, तर दादरपासून बोरिवलीपर्यंतचा भाग एमके६९ मध्ये पडतो. गिरगावातून अंधेरीला घर बदलल्यावर टीक्यूएसएलमधील जुनीच चौकट चालू ठेवली, तर समोरच्याच्या ग्रिड-गणनेत चुकीची चौकट जमा होते. व्हीएचएफ या अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यांवर चौकटी मोजणाऱ्यांसाठी ही हेळसांड त्रासदायक आहे.

शहरातील परिस्थितीही या सेवेच्या बाजूनेच जाते. सोसायटीच्या गच्चीवर मोठा अँटेना लावायला परवानगी मिळणे कठीण असते, त्यात आजूबाजूच्या विद्युत उपकरणांचा गोंगाट भरपूर, म्हणून अनेकजण खिडकीबाहेरच्या तारेवर आणि २०१७ साली आलेल्या एफटी८ या क्षीण संकेतही उलगडणाऱ्या पद्धतीवर भर देतात. या पद्धतीत एका रात्रीत इतके संपर्क होऊ शकतात, की प्रत्येकाला छापील कार्ड पाठवणे खिशाला परवडणारे नाही. थेट टपालाने पाठवायचे म्हटले तर परदेशी टपालखर्च, पत्ता लिहिलेला परतीचा लिफाफा आणि उत्तराच्या टपालासाठी डॉलर, असा प्रत्येक कार्डामागे हिशेब बसतो. संघटनांच्या ब्यूरोमार्फत (कार्डे एकगठ्ठा पाठवणाऱ्या केंद्रामार्फत) खर्च कमी येतो, पण कार्ड पोहोचायला महिने आणि कधी वर्षेही लागतात.

तरीही कागद पूर्णपणे सोडण्याच्या मी विरोधात आहे. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड सिग्नल रिपोर्ट (संकेत कसा ऐकू आला याची नोंद) जपून ठेवत नाही. समोरच्याचे यंत्र, अँटेना, गाव किंवा त्याने शाईने लिहिलेली एखादी ओळ यांना तिथे जागाच नाही. सुमारे १४ बाय ९ सेंटिमीटरच्या कार्डावर हे सगळे मावते. शिवाय एका केंद्रीय व्यवस्थेवर सारा भार टाकण्याची जोखीम मे २०२४ मध्ये दिसून आली: एआरआरएलच्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाला आणि ही सेवा जुलैच्या १ तारखेपर्यंत बंद राहिली. लॉग स्वतःकडे एडीआयएफ या लॉगसाठीच्या प्रमाणित स्वरूपाच्या फाइलमध्ये ठेवणाऱ्यांचे त्या काळात काही अडले नाही.

पुरस्कारांमागे असणाऱ्याला या सेवेला पर्याय नाही, आणि तिचा किचकटपणा ही तिच्या विश्वासार्हतेची किंमत आहे, असे माझे मत आहे. केवळ गप्पा मारण्यासाठी बँडवर येणाऱ्याने ई-क्यूएसएलपासून सुरुवात करावी. लक्षद्वीप किंवा अंदमानसारख्या ठिकाणी जाऊन तिथल्या व्हीयू७ वा व्हीयू४ कॉलसाइनने काम करणाऱ्या चमूंनी मात्र दोन्ही मार्ग खुले ठेवावेत, कारण त्यांच्या एका पुष्टीची वाट जगभरचे हॅम पाहत असतात आणि त्यांतील बऱ्याच जुन्याजाणत्यांना अजूनही कार्डच हवे असते.