रेनकव्हर आणि खताची पिशवी: चार महिने वापरून

घर कोल्हापुरात फुलेवाडीत, नोकरी कळ्याला एका पतसंस्थेत आणि गाडी दुचाकी. म्हणजे जून ते सप्टेंबर रोज गगनबावडा रस्ता. शहरात भुरभुर असली तरी बालिंग्याचा पूल ओलांडला की धो धो, हे या रस्त्यावरच्यांना सांगायला नको. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, कर्जाचे अर्ज आणि डबा.

जूनमध्ये लक्ष्मीपुरीतून अडीचशे रुपयांचं रेनकव्हर घेतलं. वेष्टनावर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. पहिल्याच दणक्यात अर्जांचा लगदा झाला. रात्री मोरीत कव्हर उलटं करून पाण्यानं भरलं आणि गाठोड्यासारखं टांगलं. कापडातून थेंब नाही, शिलाईतून मात्र टपटप. सुईनं पाडलेल्या भोकांवर आतून टेपच नव्हती. घेतानाच कव्हर उलटून बघा, टेप असली तर शिवणीवर चकचकीत पट्टी दिसते. मी पंक्चरचं सोल्युशन फासून बघितलं, पंधरा दिवसांत त्याचे पापुद्रे निघाले.

एवढं करूनही सॅक भिजायचीच, आणि तीही पाठीकडून. हेल्मेटवरचं पाणी रेनकोटवरून ओघळतं ते थेट पाठ आणि सॅकच्या मधे. कव्हर नेमकं तिथंच उघडं असतं, पट्टे बाहेर काढायला. तिथला फोम पाणी पितो आणि ते झिरपत खाली कव्हरच्या तळाशी साठतं. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारं कापड आतलं तरी बाहेर कसं सोडणार? एकदा ऑफिसात कव्हर काढलं तर तांब्याभर पाणी फरशीवर. शिपाईमामा बघतच राहिले. त्या दिवशी दाभण तापवून तळाला भोक पाडलं. वॉटरप्रूफ कव्हरला हातानं भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं, पण तळं साचायचं थांबलं.

खरा तोडगा चुलत्यांनी दिला. “आम्ही पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतोय, आतली पिशवी तू घेऊन जा,” म्हणाले. खताच्या पोत्यातली ती जाड प्लास्टिकची पिशवी दोनदा स्वच्छ धुतली आणि खडखडीत वाळवली; खताचा अंश राहिला तर तो हवेतली ओल ओढतो आणि लोखंडालाही खातो. ती सॅकच्या आत घालायची, लॅपटॉप-कागद तिच्यात, हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडायचं आणि वर सायकलच्या ट्यूबचं रबर. जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकत होती, त्या आठवड्यात सॅक पिळून काढावी लागली. अर्ज कोरडे.

लॅपटॉपवर मात्र दव धरलं होतं. गरम डबा मीच त्या पिशवीत कोंबला होता, त्याची वाफ जाणार कुठं? तेव्हापासून डबा पुढच्या कप्प्यात.

कव्हर अजून घालतो, ट्रकनं उडवलेला चिखल त्याच्यावर जातो आणि सॅक कमी पाणी पिते म्हणून. चार महिन्यांत त्याचा आतला थर चिकट होऊन सोलायला लागलाय. त्यात माझीही चूक, ओलंच घडी घालून डिकीत ठेवायचो. सावलीत वाळवलं असतं तर अजून टिकलं असतं. पिशवीला अजून टाचणीएवढंही भोक नाही, तरी चुलत्यांकडून आणखी दोन मागून ठेवल्यात.