कारेरा की लारैन? चिलीचा स्वातंत्र्यलढा कुठल्या घरापासून वाचायचा

चिलीचा स्वातंत्र्यलढा समजून घ्यायचाय पण वेळ एकाच घराण्यापुरता आहे, तर कारेरा घ्या की लारैन? दोन्ही सांतियागोची बडी घराणी, आणि १८ सप्टेंबर १८१० ला पहिलं स्थानिक सरकार बसलं त्यात दोघांचीही माणसं होती, इकडून इग्नासियो कारेरा आणि तिकडून लारैनांचे जावई हुआन एनरिके रोसालेस.

लारैनांची ताकद गोतावळ्यात. त्यांना लोक 'आठशे' म्हणायचे, एवढी नाती पसरलेली. सोयरीक करून सत्ता कशी हातात ठेवतात ते यांच्याकडूनच कळतं, पण नवख्या माणसाला इतकी नावं झेपत नाहीत, आणि सगळ्यांना बांधून ठेवेल असा एक चेहरा मिळत नाही.

कारेरा म्हणजे इग्नासियोंची चार मुलं, हाविएरा, हुआन होसे, होसे मिगेल, लुईस. होसे मिगेल स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजेशी लढून पंचविशीत घरी आला, ४ सप्टेंबर १८११ ला लारैनांच्याच साथीने उठाव केला आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा उठाव करून त्यांनाच बाहेर काढलं. त्याच्याच काळात, १८१२ मध्ये, देशातलं पहिलं वर्तमानपत्र निघालं, पहिला झेंडा आला. हे काम खरंच मोठं आहे, कोणी काही म्हणो. पण वैर काही थांबेना, १८१४ मध्ये ब्युनोस आयर्सला लुईसने द्वंद्वात ओहिगिन्सच्या बाजूचा लष्करी अधिकारी हुआन मॅकेना याला मारलं (ओहिगिन्स म्हणजे कारेरांचा प्रतिस्पर्धी सेनानी, पुढे चिलीचा सत्ताधीश), आणि मॅकेनाची बायको लारैनांच्या नात्यातली. पुढे ५ एप्रिल १८१८ ला स्वातंत्र्यवाद्यांनी स्पॅनिश फौजेविरुद्ध माइपूची लढाई जिंकली आणि तीनच दिवसांनी अर्जेंटिनातल्या मेंदोसात हुआन होसे आणि लुईसला गोळ्या घातल्या, होसे मिगेललाही तिथेच, ४ सप्टेंबर १८२१ ला, म्हणजे पहिल्या उठावाला बरोब्बर दहा वर्षं झाली त्या दिवशी. हे वाचताना आजही पोटात तुटतं.

माझं मत स्पष्ट आहे, आधी कारेरा, आणि तेही हाविएरापासून. भावांच्या राजकारणात ती पहिल्यापासून होती, परागंदा झाली, ओहिगिन्सची सत्ता गेल्यावर परतली आणि १८६२ पर्यंत जगली, त्यामुळे तिच्यामागून गेलात की सगळा काळ सलग दिसतो. लढाया आणि तारखा आधीच माहीत असतील तर मात्र थेट लारैन घ्या.

फक्त १८१४ ची रांकागुआची लढाई एकाच बाजूचं वाचून सोडू नका. ओहिगिन्स स्पॅनिश फौजेच्या वेढ्यात अडकलेला असताना कारेरांची कुमक जवळ येऊन मागे का फिरली यावर दोन्ही बाजूंचे लोक अजून भांडतात.