गाठीची सोनोग्राफी: मॅडमना 5 स्टार, रिसेप्शनला 2

आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ लागली हाताला, वय 29, त्यामुळे आधी गूगल केलं (करू नका), मग रडून झालं आणि मग डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. पहिल्यांदा घराजवळ एका ठिकाणी केली, नाव घेत नाही, 4 मिनिटं प्रोब फिरवला आणि रिपोर्टमध्ये काय तर 'सॉलिड गाठ दिसते, क्लिनिकली कोरिलेट करा' (म्हणजे डॉक्टरांनी तपासून जुळवून बघा). बास. साइज नाही, कडा कशी ते नाही, बायरॅड्स नंबर (गाठ कितपत संशयास्पद ते सांगणारा) तर नाहीच. सर्जन म्हणाले ह्यावरून मी काय सांगू, परत करून आण.

म्हणून ह्या सेंटरला आले. अपॉइंटमेंट 11ची, नंबर लागला पावणेएकला, एसी असा की स्वेटर न्याच. पण आतल्या मॅडम! हात डोक्याखाली घ्यायला लावला, दोन्ही बाजू बघितल्या, काखासुद्धा, आईला-मावशीला कुणाला कॅन्सर होता का विचारलं, आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हे बघ, आडवी पडलीये, लंबगोल, कडा गुळगुळीत. हीच उभी असती, कडेला काटे फुटल्यासारखे आणि मागे काळी सावली, तर आजच बायोप्सीचं बोललो असतो." मी म्हटलं पाण्याची आहे का, तर म्हणे पाण्याची आतून पूर्ण काळी दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळतो, ही भरीव आहे, फायब्रोअडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, वाटतोय. डॉपलर लावून रक्तपुरवठाही बघितला. पण साधी दिसणारी गाठही क्वचित फसवते म्हणून लक्ष ठेवायचं, हेही स्पष्ट सांगितलं, उगाच पाठ थोपटून घरी पाठवलं नाही.

रिपोर्टमध्ये सगळं: 14 × 7 मिमी, 10 वाजता, निपलपासून 3 सेंमी, बायरॅड्स 3. म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी, 6 महिन्यांनी परत सोनोग्राफी. आईने वाचून विचारलं "10 वाजता काय झालं?" अगं घड्याळ धरून जागा सांगतात ती!

जेल बर्फासारखं गार आणि पुसायला टिश्यू दोनच, एवढे पैसे घेता तर डबा ठेवा की तिथे. 6 महिन्यांनी इथेच जाणार, फक्त सकाळचा पहिला नंबर लावून, आणि जुना रिपोर्ट फिल्मसकट घेऊन, मॅडमना 14 चे 16 झालेत का ते ताडून बघायचंय.