द डिव्हिजन बेल: उशिरा पटलेला अल्बम
बँड सोडून गेलेले बासवादक-गीतकार रॉजर वॉटर्स यांच्याविना ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइड नाहीच, असे मानणाऱ्या अनेक चाहत्यांनी १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'ला सुरुवातीला फारसा भाव दिला नव्हता. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला, ही गोष्ट वेगळी. आता त्यांतले बरेच जण त्याकडे नव्याने वळत आहेत आणि माझ्या मते त्याचे श्रेय प्रामुख्याने बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांना जाते. 'वेअरिंग द इनसाइड आउट'मध्ये सॅक्सोफोनच्या संथ सुरावटीनंतर त्यांचा दबका, काहीसा थकलेला आवाज येतो, तेव्हा बँडच्या आधीच्या, १९८७ च्या 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' या अल्बममध्ये कशाची उणीव होती, हे लगेच उमगते. 'मरून्ड'मध्ये डेव्हिड गिलमोर यांची गिटार पेडलच्या साहाय्याने एकाच झोक्यात सप्तकभर वर चढते आणि तरीही तो करामतीचा देखावा वाटत नाही. या वादनाला ग्रॅमी मिळाले, ते उगाच नव्हे. 'हाय होप्स'च्या शेवटच्या लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) सोलोबद्दल तर जुन्या टीकाकारांनीही हात टेकले आहेत. 'टेक इट बॅक' मात्र आजही उसने वाटते आणि सुमारे ६६ मिनिटांचा हा अल्बम दोन गाण्यांनी कमी असता, तर अधिक बांधीव झाला असता.