रोध: थेट मीटरवर मोजायचा की व्होल्ट-अँपिअरवरून काढायचा?

230 व्होल्ट, 60 वॉटचा जुना तारेचा बल्ब घ्या. होल्डरमधून काढून मल्टिमीटर ओहमवर लावला, तर जेमतेम 60-70 ओहम दिसतात. तोच बल्ब पेटवून करंट मोजला तर 0.26 अँपिअर. 230 भागिले 0.26, म्हणजे सुमारे 885 ओहम! मीटर बिघडलेला नाही; टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो.

थंड रोध 65 धरून पॉवर काढली (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध), तर उत्तर 814 वॉट येतं. ते खोटं नाही, पण फक्त बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणापुरतं खरं. चालू बल्बचा हिशोब 230 × 0.26, म्हणजे जवळपास 60 वॉट. म्हणून मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते.

हीटरच्या नायक्रोम तारेत हा घोळ फारसा नाही, दोन्ही उत्तरं जवळपास जुळतात. तार तुटली आहे का एवढंच बघायचं असेल तर ओहमचा मीटरच बरा: सप्लाय बंद, धोका नाही, काम झटपट.

मोटर किंवा पंख्याला मात्र व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर नुसता रोध मिळत नाही, कॉइलचा इंडक्टन्सही (बदलत्या करंटला कॉइल करते तो विरोध) त्यात मिसळतो. व्होल्ट गुणिले अँपिअरही तिथे वॉट नसतात, व्होल्ट-अँपिअर असतात. पॉवर फॅक्टरने (खरे वॉट आणि व्होल्ट-अँपिअर यांचं प्रमाण) गुणल्यावर खरे वॉट मिळतात.