ताईचा घटस्फोट, ११० तोळे सोनं आणि वकील मॅडम : ५ पैकी ४ स्टार

वकिलाच्या ऑफिसला स्टार द्यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण ताईचं काम होऊन दोन महिने झाले आणि जळगावात कोणी ना कोणी विचारतंच की तुमचं एवढं शांततेत कसं काय मिटलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी, म्हणजे जरा जास्तच सुखी. दाजींकडे अमळनेर साइडला कापसाची जिनिंग आणि शेती, आमची रावेरला केळी. लग्नात ११० तोळे, पुण्यात दोघांच्या नावावर फ्लॅट, नऊ वर्षांची एक मुलगी. मारहाण नाही, दारू नाही, दोघांचं जमलंच नाही बस. ताई दोन वर्षांपासून आमच्याकडेच होती. आधी रीतीप्रमाणे बैठक बसवली, दोन्हीकडचे मिळून बावीस जण आले, शेवभाजी-पोळी हाणली आणि लग्नात मानपानाची कोणाची साडी हलकी होती यावर तीन तास भांडून उठले.

मग एका मोठ्या वकिलाकडे गेलो, नाव नाही घेत. ते म्हणे आधी ४९८, म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी केस, टाकून ठेवू मग समोरचे आपोआप खाली येतात, आणि फी म्हणजे जे मिळेल त्याचे दोन टक्के. घरी येऊन हिशोब केला तर बापूंना घामच फुटला. नंतर कळलं की अशी टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही.

मग या वकील मॅडमकडे आलो. त्यांनी पहिल्याच दिवशी फीचा आकडा सांगितला, ६० हजार, तीन टप्प्यात, ड्राफ्ट झाल्यावर, अर्ज दाखल झाल्यावर आणि निकाल लागल्यावर. बापू म्हणाले मॅडम, मॅटर मोठं आहे बरं. त्या म्हणाल्या मॅटर कितीही कोटीचं असो, अर्जाला पानं तेवढीच लागतात. वर दाजींना फोन करून सांगितलं की तुम्ही तुमचा वेगळा वकील करा आणि माझा ड्राफ्ट त्यांच्याकडून वाचून घ्या, उद्या कोणी म्हणायला नको की फसवलं. तिथेच अर्धं काम झालं खरं म्हणजे. आणि चर्चेला आत फक्त ते दोघं. आमचे मामा आत घुसायला लागले तर मॅडम म्हणे, मामा बाहेर बसा, लग्न तुमचं नव्हतं. मामा अजून रागात आहेत.

सगळ्यात मोठा वाद जमिनीचा होता. आमच्याकडच्यांचं म्हणणं की त्यांच्या चाळीस एकरात ताईचा वाटा. मॅडमनी सातबारा समोर ठेवला, जमीन दाजींच्या वडिलांच्या नावावर. सून म्हणून त्यात हिस्सा मागता येत नाही, यात दहा वर्षं घालवायची असतील तर दुसरा वकील बघा, असं तोंडावर सांगितलं. त्याऐवजी एकरकमी पोटगी, मुलीच्या शिक्षणासाठी वेगळी एफडी आणि फ्लॅट, एवढ्यावर आणलं. फ्लॅटचं तर मला माहीतच नव्हतं, महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहण्याचं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वरचे बाकीचे खर्च वेगळे. पण ती बायको असेपर्यंतच! निकाल लागला की नातं संपलं आणि सवलत पण संपली. म्हणून दाजींचा अर्धा हिस्सा निकालाच्या आधीच ताईच्या नावावर केला. आणि समोरच्यालाही भरवसा पाहिजे, कारण परस्पर संमतीत शेवटच्या तारखेपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतं, म्हणून पोटगीचा अर्धा डीडी पहिल्या तारखेला आणि अर्धा शेवटच्या तारखेला जजसाहेबांसमोर, असं लिहूनच घेतलं.

सोन्याचा दिवस मात्र विसरणार नाही. सराफाकडे काट्यावर एकेक डाग ठेवायचा, मॅडमचा ज्युनिअर वहीत लिहायचा, गहूपोत, बोरमाळ, तोडे, वाक्या. मॅडमनी आधीच सांगितलेलं की माहेरचं असो की सासरचं, बाईला दिलेलं ते स्त्रीधन, ते तिचंच. एक जुनी पाटली काट्यावर आली तशा ताईच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "हाई पाटली मनी सासूनी शे." म्हणजे, ही पाटली माझ्या सासूची आहे. कोणी काहीच बोललं नाही. ताईने काट्यावरून पाटली उचलली आणि त्यांच्या हातात दिली. ज्युनिअर पोरगा मॅडमकडे बघतोय की आता लिहू का खोडू. शेवटी बेरीज १०६ तोळे भरली, आमचे काका लगेच उसळले की चार तोळे कुठे गेले, तर ताईच म्हणाली दोन बांगड्या मोडून फ्लॅटचं बुकिंग केलं होतं काका, आणि पाटली आत्ता तुमच्यासमोर दिली. काका गप.

कोर्टाचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हे सहा महिने माफ होऊ शकतात, आधीच वेगळे राहून बराच काळ झाला असेल आणि देणंघेणं, मुलाबाळांचं सगळं ठरलेलं असेल तर. मॅडमनी तसा अर्ज दिला, मंजूर झाला. दिवाळीनंतर टाकलेलं होळीच्या आत संपलं. पोरगी ताईकडे, अर्ध्या सुट्ट्या अमळनेरला, आणि दाजी रोज रात्री फोन करतात.

एक स्टार का कापला ते पण सांगतो. दुपारी फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच. पहिल्या ड्राफ्टमध्ये पोरीची जन्मतारीख चुकलेली, ती आम्ही पकडली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे बोलायला लागले, आणि बाहेरच्या खोलीत कूलर नाही, जळगावच्या उन्हाळ्यात! झेरॉक्स आणि नोटरीचे पैसे वेगळे घेतात, ते आधी विचारून घ्या.

जायचं असेल तर सकाळी साडेदहाच्या आत जा, नंतर त्या कोर्टात असतात. लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे आधार आणि दागिन्यांच्या जुन्या पावत्या सोबत न्या. मामांना घरी ठेवा.