रावपुऱ्याच्या टॉवरजवळचा फोटो स्टुडिओ: बंड्याचा कान जसाच्या तसा

भिजलेले, खराब झालेले जुने फोटो नीट करून घ्यायचे असतील तर बडोद्यात रावपुऱ्याच्या टॉवरजवळच्या या स्टुडिओत बेलाशक जा.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागातल्या घरात शिरलं, त्यात खालच्या खणातली अण्णांची फ्रेम बुडाली. चिखल उपसून होईपर्यंत फोटो आतल्या आत वाळून काचेला चिकटला होता. दांडिया बाजारातल्या जुन्या घराची गच्ची, १९८६चं उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. अण्णांच्या हातात फिरकी, मांडीवर ठमी मांजर, पायाशी बंड्या कुत्रा. लग्नाकार्यातले कोटातले फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांत ते पाहुण्यासारखे उभे असतात. आमचे अण्णा या एकाच फोटोत आहेत.

आधी दुसऱ्या एका दुकानात दिला. त्यांनी मोबाइलवरच्या ॲपमधून काढून तासाभरात प्रिंट हातात ठेवली. अण्णांचे गाल गुळगुळीत आणि बंड्याचे दोन्ही कान अखंड!

बंड्याचा उजवा कान टोकाला चिरलेला होता. आदल्या वर्षी उत्तरायणाला कुणाचा तरी कटलेला पतंग आमच्या कठड्यावरून ओढला गेला आणि काचेचा मांजा त्याच्या कानातून गेला. अण्णा हळद दाबून धरून बसले. रक्त थांबेपर्यंत "झालं रे राजा, झालं" एवढंच चाललं होतं. आम्हा भावंडांशी इतक्या मऊ आवाजात ते क्वचितच बोलले असतील. त्यानंतर आमच्या घरी काचेचा मांजा आला नाही. साध्या दोऱ्यावरचा आमचा पतंग पहिल्याच पेचात जायचा, शेजारच्या गच्च्यांवरून "काप्यो छे!" उठायचं, आणि अण्णा शांतपणे दुसऱ्याला कन्नी बांधायला घ्यायचे.

या स्टुडिओतल्या काकांनी फोटो काचेवरून सोडवायला साफ नकार दिला. ओला असताना सुटला असता. आता ओढला तर वरचा जिलेटिनचा थर काचेलाच राहील आणि त्याबरोबर चेहराही, असं त्यांनी समजावलं. काचेसकट, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून त्यांनी त्याचाच फोटो घेतला आणि पुढचं काम कॉम्प्युटरवर केलं. चार दिवसांनी फोन आला: "बेन, आ कान आवो ज हतो के फोटो बगड्यो छे?" एवढं विचारणारा माणूस मला हवा होता. "असाच होता," म्हटलं, आणि तो तसाच राहिला. फिरकीवरचा पांढरा दोराही आता स्पष्ट दिसतो. ठमीची शेपटी मात्र पाण्याने पार पुसली गेली होती. "जे उरलंच नाही ते मी मनाने काढणार नाही," म्हणाले. तिथे नुसता करडा रंग आहे. मला ते पटलं.

नवीन फ्रेममध्ये कडेने माउंट घालतात, त्यामुळे फोटो काचेला टेकत नाही. हे आवर्जून करून घ्या, आपल्याकडच्या पावसाळ्यात फार गरजेचं आहे. फ्रेमसकट १,४०० रुपये झाले, ते मला जास्त वाटले नाहीत. वेळ मात्र लागतो, माझ्या कामाला तीन आठवडे गेले आणि मधे चौकशीचे फोन ते उचलत नाहीत. मूळ फोटो काचेसकट परत मागून घ्या आणि पेन ड्राइव्ह घेऊन जा, फाइल त्यात टाकून देतात. मी त्यावरूनच पुण्याच्या ताईसाठी दुसरी प्रत काढली.